सेटअपला नेटवर्क कार्ड दिसत नाही तेव्हा: स्वयंचलित इन्स्टॉलेशनमध्ये ड्रायव्हर कसा घालायचा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लोअर परळच्या एका ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी तीस नवे डेस्कटॉप मांडून आम्ही दोघं उभे होतो. सोमवारी सकाळी त्या खुर्च्यांवर माणसं येऊन बसणार होती. पहिलं मशीन पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट झालं, डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून) आयपी मिळाला, विनपीईची (सेटअप चालवणाऱ्या छोट्या विंडोजची) फाइल सरसर खाली आली, सेटअपचा पडदा दिसला आणि तिथेच अडलं. या इमेजमध्ये कार्डाला जुळणारा ड्रायव्हर नाही, असा संदेश आला. मी शिफ्ट आणि एफ-१० दाबून कमांडची काळी खिडकी उघडली आणि आयपीकॉन्फिग टाइप केलं. एरवी तिथे ॲडाप्टरचं नाव, पत्ता, गेटवे असं ओळीने येतं. त्या दिवशी 'विंडोज आयपी कॉन्फिगरेशन' हे शीर्षक आलं आणि खाली काहीच नाही.

माझ्याबरोबर नुकताच कामाला लागलेला मुलगा होता. तो म्हणाला, "सर, आत्ता तर आयपी मिळाला होता ना? मग कार्ड गेलं कुठे?"

प्रश्न अगदी नेमका होता. या कामात नव्याने आलेला प्रत्येक जण कधी ना कधी हाच प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर नीट समजलं की पुढची सगळी पद्धत आपोआप समजते. म्हणून आधी उत्तर, मग पायऱ्या. तुम्ही पेन ड्राइव्हवरून किंवा पीएक्सईने एखादं विंडोज बसवलं असेल, आन्सर फाइल (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) एकदा तरी उघडून पाहिली असेल, तर एवढी तयारी पुरे.

लेखात कमांड देवनागरीत, आपण बोलताना म्हणतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करायचं नेमकं स्पेलिंग हवं असेल तर त्या कमांडपुढे स्लॅश आणि प्रश्नचिन्ह द्या, विंडोज स्वतःच पूर्ण रूप दाखवतं.

तेच कार्ड, तीन वेगळे ड्रायव्हर

नेटवर्कवरून विंडोज बसवताना एकच कार्ड तीन वेगवेगळ्या प्रणालींच्या हातून जातं. मशीन चालू झालं की पहिल्यांदा कार्ड चालवतो तो मदरबोर्डवरचा किंवा कार्डावरचा फर्मवेअर. पीएक्सईचा आयपी त्याने मिळवलेला असतो आणि बूट डॉट विम ही विनपीईची फाइलही त्यानेच ओढून आणलेली असते (अशा विम फाइलीला इमेज म्हणतात). विनपीई सुरू झालं की फर्मवेअर बाजूला होतो. विनपीई ही स्वतंत्र, छोटी विंडोज आहे. तिला कार्ड चालवायला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो तिच्या पोटात नसेल तर तिच्या दृष्टीने मशीनला कार्डच नाही. मग इन्स्टॉल डॉट विममधून खरी विंडोज डिस्कवर उतरते, मशीन रीस्टार्ट होतं, आणि तिसरी प्रणाली तेच कार्ड पुन्हा नव्याने ओळखायला बसते.

बोरिवलीहून ठाण्याला जाताना दादरला गाडी बदलतो ना, तसंच. वेस्टर्नच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती म्हणून सेंट्रलच्या गाडीत ती मिळत नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून चढावं लागतं.

तेव्हा एक गोष्ट मनात पक्की करा: ड्रायव्हर दोन ठिकाणी घालायचा आहे. एकदा बूट डॉट विममध्ये आणि एकदा इन्स्टॉल डॉट विममध्ये. पहिल्यात घालून दुसऱ्यात विसरलात तर इन्स्टॉलेशन सुरळीत होतं आणि पहिल्या लॉगिनच्या वेळी नेट नसतं. विंडोज ११ मध्ये हे जास्त जाचक आहे, कारण सुरुवातीच्या पडद्यांवर ती नेटवर्क मागते आणि ते मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही.

विंडोज कार्ड ओळखत नाही, याचं कारण साधं असतं. प्रत्येक आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्ट त्या काळापर्यंतच्या कार्डांचे ड्रायव्हर देतं. त्यानंतर बाजारात आलेलं कार्ड त्या आवृत्तीला अनोळखी असतं. अडीच गिगाबिटचे पोर्ट आले तेव्हा सगळ्यांना याचा त्रास झाला. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यावर अनेक ऑफिसांनी नवी मशीन घेतली, पण सर्व्हरवरचं विनपीई मात्र विंडोज १० च्या काळात बनवलेलंच राहिलं. नवं कार्ड आणि जुनं विनपीई ही जोडी मला अजूनही वरचेवर भेटते.

पहिलं काम: कार्ड ओळखणं

खोक्यावरचं मॉडेलचं नाव वाचून ड्रायव्हर शोधायला निघू नका. लॅमिंग्टन रोडवरून एकाच मॉडेलचे दहा मदरबोर्ड आणले तरी आवृत्ती बदलली की आतली लॅन चिप बदललेली असू शकते. ब्रँडेड मशीनमध्येही हे होतं. खरी ओळख म्हणजे हार्डवेअर आयडी.

मशीन कारखान्यातून विंडोजसह आलं असेल तर डिस्क पुसायच्या आधी पाच मिनिटं द्या. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडाप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे पीसीआय, मग व्हेन, मग डेव्ह अशी ओळ दिसेल. व्हेन म्हणजे चिप बनवणारी कंपनी, डेव्ह म्हणजे तिची नेमकी चिप. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, १९७८ च्या त्यांच्या प्रोसेसरचाच, त्यामुळे सहज लक्षात राहतो. रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. व्हेन १०ईसी आणि डेव्ह ८१२५ दिसलं की ती रिअलटेकची अडीच गिगाबिटची चिप. व्हेन ८०८६ आणि डेव्ह १५एफ३ म्हणजे इंटेलची आय२२५-व्ही. व्हर्च्युअल मशीनलाही हाच नियम: केव्हीएमवरच्या (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीवरच्या) व्हर्टआयओ कार्डाचा व्हेन १एएफ४ असतो, आणि विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर मुळात नसतोच.

ओळीच्या शेवटी सबसिस आणि रेव्ह हेही आकडे असतात. तेही टिपून घ्या. काही कंपन्यांच्या इन्फ फाइली (ड्रायव्हरची माहितीपत्रकं) रेव्हपर्यंत जुळवून बघतात, आणि मग 'चिप तीच आहे, तरी ड्रायव्हर का लागत नाही' या कोड्यात तास जातो.

मशीनवर विंडोज नसेलच तर कुठल्याही लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हने बूट करा आणि एलएसपीसीआय ही कमांड डॅश एनएन लावून चालवा. चौकटी कंसात तेच दोन आकडे मिळतात. माझ्या बॅगेत यासाठी एक पेन ड्राइव्ह कायम असतो.

ड्रायव्हर आणणं आणि उलगडणं

ड्रायव्हर मशीनच्या किंवा चिपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एकाच ठिकाणी' देणाऱ्या साइट्सच्या वाटेला जाऊ नका. ही फाइल कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या आत जाऊन बसणार आहे आणि तुम्ही ती तीस मशीनवर एकदम पोहोचवणार आहात. एका चुकीच्या फाइलची जबाबदारी तीस पट होते.

कंपनी सहसा ईएक्सई देते. ती इथे चालत नाही, कारण इमेजला इन्स्टॉलर नको असतो, त्याच्या आतल्या फाइली हव्या असतात. ७-झिपने ती उलगडा. आत तीन प्रकारच्या फाइली एकत्र सापडल्या पाहिजेत: इन्फ, सिस आणि कॅट. इन्फ हे माहितीपत्रक, सिस हा खरा ड्रायव्हर, कॅटमध्ये सही. कॅट हरवली की सही हरवली, आणि ६४ बिटची विंडोज सहीशिवायचा ड्रायव्हर स्वीकारत नाही. डिझममध्ये (विंडोजच्या इमेज उघडून बदलणाऱ्या कमांडमध्ये) फोर्स-अनसाइन्ड नावाचा पर्याय आहे, पण त्याने ड्रायव्हर इमेजमध्ये जाऊन बसतो एवढंच, चालू होईलच असं नाही. तो पर्याय विसरून जा.

आता इन्फ नोटपॅडमध्ये उघडा आणि मघाशी टिपलेला डेव्ह क्रमांक शोधा. सापडला तर फोल्डर बरोबर आहे. सापडला नाही तर पुढची एकही पायरी करू नका, कारण ती फुकट जाणार आहे. हा शोध अर्ध्या मिनिटाचा आहे. नव्या मुलांना मी सगळ्यात आधी हीच सवय लावतो.

पॅकेजमध्ये वेगवेगळ्या विंडोजसाठी वेगळे फोल्डर असतात. आपल्याला हवा तेवढाच घ्या. विंडोज सर्व्हर बसवत असाल तर आणखी जपा: इंटेलच्या आय२१९-व्ही सारख्या डेस्कटॉप चिपचा ड्रायव्हर सर्व्हर आवृत्तीवर सरळपणे बसत नाही, याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

कारखान्याची विंडोज अजून जागेवर असेल तर आणखी एक सोपी वाट आहे. तिच्यावरच डिझमला ऑनलाइन आणि एक्स्पोर्ट-ड्रायव्हर हे शब्द देऊन एक रिकामा फोल्डर दाखवा. त्या मशीनवरचे बाहेरचे सगळे ड्रायव्हर इन्फसकट बाहेर येतात. त्यातला नेटवर्कचा उचला.

इमेजला हात लावण्याआधी हाताने चाचणी

बरेच जण ड्रायव्हर मिळाला की थेट इमेज उघडतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी चाचणी घ्या. इमेज उघडणं, ड्रायव्हर घालणं, बंद करणं, सर्व्हरवर चढवणं आणि पुन्हा बूट करणं यात पाऊण तास सहज जातो. ड्रायव्हर चुकीचा निघाला तर तो सगळा पाण्यात. हाताने चाचणी दोन मिनिटांची आहे.

उलगडलेला फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका. मशीन तुमच्या नेहमीच्या विनपीईने बूट करा, शिफ्ट आणि एफ-१० दाबा. (तुमच्या विनपीईमध्ये काळी खिडकी आधीच उघडी असेल तर तीच वापरा.) पेन ड्राइव्हला कोणतं अक्षर मिळालंय ते डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम देऊन बघा. तिथे सी हे अक्षर पेन ड्राइव्हलाही मिळालेलं असू शकतं, त्यामुळे गृहीत धरू नका. मग ड्रव्हलोड ही कमांड आणि पुढे इन्फचा पूर्ण पत्ता. ड्रायव्हर जुळला तर यशस्वीपणे लोड झाल्याची एक ओळ येते. पाठोपाठ डब्ल्यूपीईयुटिलला इनिशियलाइज-नेटवर्क सांगा, आठ-दहा सेकंद थांबा, आणि आयपीकॉन्फिग.

इथे तीन शक्यता आहेत आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे. खरा आयपी दिसला तर काम झालं, हाच फोल्डर इमेजमध्ये घालायचा. शीर्षकाखाली अजूनही काहीच नाही तर ड्रायव्हर चुकीचा आहे, मागे जाऊन आयडी तपासा. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. ड्रायव्हर उत्तम चाललाय, डीएचसीपीचं उत्तर येत नाहीये. अशा वेळी स्विचकडे बघा. ज्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा तयार होऊ न देणारी सोय) चालू आहे पण पोर्टफास्ट (तिची वाट बघणं टाळणारी सेटिंग) नाही, तो लिंक आल्यावर साधारण ३० सेकंद कुठलीच माहिती पुढे जाऊ देत नाही, आणि तेवढ्यात विनपीई कंटाळून हात वर करतं. ड्रायव्हर लोड होताना लिंक एकदा पडून पुन्हा उठते, त्यामुळे ही वाट पुन्हा पहिल्यापासून बघावी लागते. नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला त्या पोर्टवर पोर्टफास्ट लावायला सांगा, प्रश्न मिटतो.

बूट डॉट विममध्ये घालणं

यासाठी एक विंडोज मशीन हवं. डिझम विंडोजमध्येच असतं. पण इमेज नव्या आवृत्तीची आणि मशीन जुनं असं असेल तर मायक्रोसॉफ्टचं एडीके (इन्स्टॉलेशनच्या साधनांचा संच) बसवून त्यातलं डिझम वापरा. स्वतःचं विनपीई बनवायचं असेल तर एडीकेबरोबर विनपीईचं ॲड-ऑन वेगळं उतरवावं लागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

बूट डॉट विमची प्रत काढा आणि नावात तारीख घालून मूळ बाजूला ठेवा. आयएसओमधून कॉपी केलेली फाइल रीड-ओन्ली असते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती खूण काढा, नाहीतर बदल जतन होणार नाहीत. स्थानिक डिस्कवर एक रिकामा फोल्डर करा, नेटवर्कवरच्या शेअरवर नको.

आता डिझमला गेट-इमेजइन्फो सांगून फाइल दाखवा. विंडोजच्या आयएसओमधल्या बूट डॉट विममध्ये दोन इंडेक्स, म्हणजे एकाच फाइलमधल्या क्रमांक दिलेल्या दोन इमेज दिसतील. पहिला साधं विनपीई, दुसरा विंडोज सेटअप. आयएसओवरून बूट केल्यावर चालतो तो दुसरा.

लोअर परळला मी चुकलो ते इथेच. घाईत मी ड्रायव्हर फक्त पहिल्या इंडेक्समध्ये घातला होता. डिझमने सगळं यशस्वी झाल्याचं सांगितलं, सर्व्हरवर नवी फाइल चढवली, मशीन बूट केलं आणि पुन्हा तीच रिकामी आयपीकॉन्फिग. ड्रायव्हर चुकीचा असेल म्हणून दुसरी आवृत्ती आणली, मग तिसरी. रात्री साडेदहाला त्या मुलानेच विचारलं, "सर, दोन नंबरमध्ये काय असतं?" दुसऱ्या इंडेक्समध्ये पहिल्यांदा आणलेलाच ड्रायव्हर घातला आणि कार्ड लगेच दिसलं. तेव्हापासून मी दोन्ही इंडेक्समध्ये घालतो, न चुकता.

माउंट-इमेज, इमेजफाइल, इंडेक्स आणि माउंटडिर हे चार शब्द देऊन इमेज त्या रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा. फोल्डरमध्ये एक आख्खी विंडोज पसरलेली दिसेल. मग इमेज म्हणून तो फोल्डर, ॲड-ड्रायव्हर, ड्रायव्हर म्हणून तुमचा उलगडलेला फोल्डर, आणि शेवटी रिकर्स, म्हणजे आतले उपफोल्डरही धुंडाळले जातात. नंतर गेट-ड्रायव्हर्सने यादी मागा. बाहेरचे ड्रायव्हर ओईएम-शून्य, ओईएम-एक अशा नावांनी दिसतात, शेजारी मूळ इन्फचं नाव असतं. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी अनमाउंट-इमेज आणि कमिट. त्याआधी त्या फोल्डरची उघडी खिडकी, त्यात उभी असलेली काळी खिडकी, त्यातली नोटपॅडमध्ये उघडलेली फाइल, सगळं बंद करा. काही उघडं राहिलं की ०xसी१४२०११७ हा कोड येतो आणि इमेज अर्धवट अडकते. पुढच्या वेळी माउंट करायला गेलात की ०xसी१४२०१२७, म्हणजे आधीच माउंट आहे. घाबरू नका. अनमाउंट डिस्कार्डने करा, मग क्लीनअप-माउंटपॉइंट्स चालवा, आणि पुन्हा सुरुवात करा. तुमची मूळ प्रत बाजूला आहेच.

एक मत ठामपणे मांडतो. बूट डॉट विममध्ये फक्त नेटवर्कचे ड्रायव्हर घाला, आणि गरज असेल तर डिस्कच्या कंट्रोलरचे. ऑडिओ, ग्राफिक्स, वायफाय, टचपॅड यांचं तिथे काहीच काम नाही. विनपीई वायफायवर चालत नाही, त्यामुळे तो ड्रायव्हर निव्वळ ओझं आहे. ही फाइल प्रत्येक मशीन नेटवर्कवरून ओढतं आणि मेमरीत ठेवून चालवतं. मी एका ठिकाणी बूट डॉट विममध्ये कंपनीचा आख्खा ड्रायव्हर पॅक ओतलेला पाहिला आहे. बूट व्हायला इतका वेळ लागायचा की लोक मशीन बंद पडलंय समजून बटण दाबायचे.

इन्स्टॉल डॉट विम

इथे पद्धत तीच, फरक थोडेच. इंडेक्स जास्त असतात, होम, प्रो वगैरे प्रत्येक आवृत्तीला एक. तुम्ही बसवता तोच इंडेक्स घ्या. मी तर एक्स्पोर्ट-इमेजने हवी ती एक आवृत्ती वेगळ्या फाइलमध्ये काढून घेतो. फाइल लहान होते आणि चुकीची आवृत्ती बसण्याचा धोका जातो. आयएसओमध्ये विमऐवजी इन्स्टॉल डॉट ईएसडी सापडली तर तीही एक्स्पोर्ट करूनच विम करावी लागते, ईएसडी थेट उघडून बदलता येत नाही. विंडोज ११ ची विम ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ पेन ड्राइव्हवर मावत नाही, तेव्हा स्प्लिट-इमेजने तिचे तुकडे करा, सेटअप ते ओळखतं. तुकडे शेवटीच करायचे, कारण नंतर ड्रायव्हर घालता येत नाही.

पेन ड्राइव्हवाल्यांसाठी जवळची वाट

इमेजला हात न लावताही काम होतं. पेन ड्राइव्हच्या मुळाशी एक फोल्डर करा. नाव असं: डॉलरचं चिन्ह, लगेच विनपीईड्रायव्हर हा शब्द, लगेच पुन्हा डॉलरचं चिन्ह, मध्ये कुठेही जागा नाही. त्यात उलगडलेले ड्रायव्हर ठेवा. सेटअप सुरू झालं की स्वतःहून हा फोल्डर बघतं, विनपीईतही ड्रायव्हर घेतं आणि बसणाऱ्या विंडोजमध्येही पोहोचवतं. पाच-सात मशीनचं काम असेल तर मला हीच वाट सगळ्यात आवडते.

आन्सर फाइलमधूनही जमतं. विंडोजपीई टप्प्यात पीएनपी-कस्टमायझेशन्स-विनपीई आणि ऑफलाइन-सर्व्हिसिंग टप्प्यात पीएनपी-कस्टमायझेशन्स-नॉन-विनपीई असे दोन घटक असतात, दोन्हींत ड्रायव्हर-पाथ्स द्यायचे. पेन ड्राइव्हचं अक्षर दर मशीनवर बदलू शकतं, म्हणून डी, ई, एफ असे तिन्ही पत्ते लिहून ठेवणं शहाणपणाचं. आणि विंडोजपीई टप्प्यात नेटवर्क ड्रायव्हरचा पत्ता सर्व्हरच्या शेअरवरचा देऊ नका. नेटवर्कचा ड्रायव्हर नेटवर्कवरून मागवायचा म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवणं.

सर्व्हरवर जुनीच प्रत

फाइल बदलली म्हणजे सर्व्हर ती देऊ लागला असं नाही. डब्ल्यूडीएसमध्ये (विंडोज सर्व्हरच्या, नेटवर्कवरून विंडोज बसवणाऱ्या सेवेमध्ये) बूट इमेजवर राइट क्लिक करून रिप्लेस करावं लागतं. एमडीटी (मायक्रोसॉफ्टचं विंडोज बसवण्याचं जुनं साधन) अजून चालू असेल तर डिप्लॉयमेंट शेअर अपडेट करताना इमेज पूर्ण नव्याने बनवण्याचा पर्याय निवडा. साध्या टीएफटीपी किंवा एचटीटीपी बूटमध्ये कोणत्या फोल्डरमधली फाइल जाते ते तपासा. सर्व्हरवरच्या फाइलची वेळ आणि आकार तुमच्या फाइलशी जुळतात का, एवढं बघितलं तरी पुरे. विंडोज ११ बद्दल एक लक्षात ठेवा: तिच्या आयएसओमधलं बूट डॉट विम थेट डब्ल्यूडीएसवर चढवून सेटअप चालवण्याची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने बंद केली आहे. तिथे एडीकेने बनवलेलं स्वतःचं विनपीईच लागतं.

लॅन पोर्ट नसलेल्या लॅपटॉपना यूएसबी-सी डोंगल लावून बसवत असाल तर त्या डोंगलच्या चिपचाही ड्रायव्हर पाहा, तिचा आयडी पीसीआयऐवजी यूएसबीने सुरू होतो. आणि एकच डोंगल वीस लॅपटॉपना फिरवला तर सर्व्हरला वीस वेळा तोच मॅक पत्ता दिसतो. मॅकवरून मशीनचं नाव ठरवत असाल तर सगळ्यांना एकच नाव मिळेल. तिथे सिरीयल नंबर वापरा.

लिनक्स बसवत असाल तर

तत्त्व तेच, शब्द वेगळे. इन्स्टॉलरचं कर्नल आणि त्याचं इनिटआरडी (बूट होताना मेमरीत चढणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) म्हणजे आपलं विनपीई. आधी ठरवा, मॉड्यूल (लिनक्सचा ड्रायव्हर) नाहीये की फर्मवेअर (ड्रायव्हरने कार्डात चढवायची फाइल) नाहीये. इन्स्टॉलरमधून ऑल्ट-एफ-२ ने (रेड हॅटच्या ॲनाकोंडा इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ ने) कन्सोलवर जा आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश वाचा. कार्ड सापडलं पण फर्मवेअर लोड झालं नाही, असं लिहिलं असेल तर मॉड्यूल शोधत बसू नका. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर मिळतं, त्यामुळे जुना इन्स्टॉलर बदलणं हाच सोपा उपाय.

मॉड्यूलच नसेल तर नव्या कर्नलचा इन्स्टॉलर घ्या. मघाची रिअलटेक ८१२५ मूळ कर्नलला नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ पासून ओळखता येते, त्याआधीच्या कर्नलशी झटापट करण्यात अर्थ नाही. नवा घेणं शक्य नसेल तर रेड हॅटच्या घराण्यात ड्रायव्हर अपडेट डिस्क असते. कर्नलच्या ओळीत इन्स्ट डॉट डीडी लिहून तिचा पत्ता देता येतो. पण पत्ता एचटीटीपीचा दिला तर पुन्हा किल्ली कुलपाच्या आत. त्यापेक्षा त्या डिस्कच्या आयएसओला ओईएमडीआरव्ही असं व्हॉल्यूम लेबल देऊन मशीनला जोडा, ॲनाकोंडा ती स्वतः शोधून काढतं. मॉड्यूल इन्स्टॉलरच्या कर्नलच्या आवृत्तीसाठीच बनवलेलं हवं.

बसलेल्या प्रणालीत डीकेएमएसने (कर्नलप्रमाणे मॉड्यूल बांधून देणाऱ्या साधनाने) मॉड्यूल बांधायचा मोह होतो, आणि किकस्टार्टच्या पोस्ट भागातून किंवा प्रीसीडच्या लेट-कमांडमधून (या लिनक्सच्या आन्सर फाइली) ते करताही येतं. फक्त सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः बांधलेल्या मॉड्यूलची किल्ली मोकमध्ये (मशीनच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांच्या यादीत) नोंदवावी लागते, आणि ती नोंद पुढच्या बूटला कुणीतरी मशीनसमोर बसून पासवर्ड टाकून पक्की करतो. तीस मशीन असतील तर तीस वेळा. अशा वेळी सही असलेलं तयार पॅकेज शोधणं किंवा नव्या कर्नलची वाट धरणं मला जास्त बरं वाटतं.

अडलात तर कुठे वाचायचं

विनपीईत असताना एक्स ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या पँथरमध्ये सेटअपॲक्ट डॉट लॉग असतो. बसलेल्या विंडोजमध्ये आयएनएफ फोल्डरमधला सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग बघा. त्यात तुमचा व्हेन क्रमांक शोधलात की विंडोजने त्या कार्डासाठी कोणती इन्फ निवडली आणि का नाकारली हे ओळीने मिळतं. डिझमच्या तक्रारी विंडोजच्या लॉग्ज फोल्डरमधल्या डिझम डॉट लॉगमध्ये. मशीन रीस्टार्ट करण्याआधी विनपीईचा लॉग पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. एक्स ड्राइव्ह मेमरीत असतो, रीस्टार्ट झालं की तो लॉग गेला.

सगळं जमल्यावरही एकदम तीस मशीन लावू नका. आधी एक मशीन पहिल्या लॉगिनपर्यंत पूर्ण जाऊ द्या, त्यात नेट आलंय आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह नाही ते बघा. मग दुसऱ्या खोक्यातलं, शक्यतो वेगळ्या तारखेला आलेलं एक मशीन घ्या आणि तेही तसंच पूर्ण होऊ द्या. त्यानंतर उरलेली अठ्ठावीस चालू करा.